छत्र, वस्त्रे आणि कारभार : मराठी राज्यातील नेतृत्वाची घडण

राज्यसंस्थेच्या प्रकारांची तुलना करताना एकाची सत्ता, थोड्यांची सत्ता आणि बहुतांची सत्ता अशी तिहेरी विभागणी करण्याची प्रथा जुनी आहे. परंतु ही विभागणी मराठी राज्याला लावून पाहिली असता ती फार लवकर अपुरी पडते. १६७४ मधील राज्याभिषेकापासून १८१८ मधील पेशवाईच्या अखेरीपर्यंत या राज्याने स्वतःला नेहमी छत्रपतींचेच राज्य म्हणवून घेतले, आणि तरीही त्या एका नावाखाली राजाच्या आज्ञेत चालणारे प्रधानमंडळ, दूर अडकलेल्या राजाच्या वतीने चालणारा प्रतिनिधींचा कारभार, वंशपरंपरेने चालत आलेली पंतप्रधानाची सत्ता आणि तान्ह्या पंतप्रधानाच्या नावे चालणारे कारभाऱ्यांचे मंडळ असे परस्परांहून अगदी भिन्न प्रकार एकामागून एक अस्तित्वात आले. यांपैकी एकही प्रकार आधी सिद्धान्त मांडून मग स्थापन झालेला नाही. प्रत्येक वेळी एखाद्या संकटाने जुनी व्यवस्था निकामी केली आणि हाताशी असलेल्या माणसांनी नवी उभारली. अधिकार कोणाला द्यावा, या प्रश्नाची उत्तरे मराठी राज्यकर्त्यांनी मोठ्या कल्पकतेने शोधली. परंतु एकदा दिलेला अधिकार कोणी आणि कोणत्या रीतीने काढून घ्यावा, या प्रश्नाचे शिवाजी महाराजांनंतर टिकाऊ असे उत्तर त्यांना सापडले नाही, आणि या राज्याच्या अंतर्गत इतिहासातील बहुतेक गुंते तेथून निर्माण झालेले दिसतात.

अष्टप्रधान मंडळाची कल्पना दोन परंपरांच्या संगमातून आली. राजाने सात किंवा आठ सचिव नेमावेत, असे मनुस्मृती सांगते, तर पेशवा, मुजुमदार, सुरनीस, वाकनीस, डबीर आणि सरनोबत हे अधिकारी दख्खनच्या सुलतानांच्या दरबारांतून लोकांच्या परिचयाचे झालेले होते. राज्याभिषेकाच्या वेळी या पदांना अनुक्रमे पंतप्रधान, अमात्य, सचिव, मंत्री, सुमंत आणि सेनापती अशी संस्कृत नावे मिळाली, न्यायाधीश आणि पंडितराव ही दोन पदे त्यांच्या जोडीला आली, आणि राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही याच प्रयत्नाचा भाग होता. मोरोपंत पिंगळे पंतप्रधान, अण्णाजी दत्तो सचिव, हंबीरराव मोहिते सेनापती आणि निराजी रावजी न्यायाधीश होते. पंडितराव आणि न्यायाधीश वगळता बाकीच्या प्रधानांना प्रसंगी फौज घेऊन मोहिमेवर जावे लागे, म्हणजे मुलकी आणि लष्करी अधिकार यांची काटेकोर फारकत येथे नव्हती. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ही पदे वंशपरंपरागत नव्हती आणि त्यांचे वेतन जमिनीच्या रूपाने न देता रोख दिले जाई. पंतप्रधानास वर्षाला १५,००० होन, अमात्यास १२,००० होन आणि इतरांस प्रत्येकी १०,००० होन असे त्याचे प्रमाण सांगितले जाते.

रोख वेतनाचा हा नियम वरवर हिशेबाचा वाटला तरी तो मुळात राजकीय होता. ज्या अधिकाऱ्याचे पोट राजाच्या खजिन्यावर अवलंबून आहे, त्याला दूर करण्यास एक हुकूम पुरतो. ज्याच्याकडे स्वतःचा मुलूख, स्वतःची ठाणी आणि त्या उत्पन्नावर पोसलेली स्वतःची फौज आहे, त्याला दूर करण्यास मोहीम काढावी लागते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील इंग्रजी ग्रंथात अष्टप्रधान मंडळाची तुलना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाशी केली आणि पुढील काळात ही व्यवस्था सोडून दिल्यामुळेच राज्य दुबळे झाले, असे प्रतिपादन केले. त्यांच्या निष्कर्षाचा दुसरा भाग बराच पटण्याजोगा असला तरी तुलना थोडी ओढून आणलेली आहे, कारण शिवाजी महाराजांचे प्रधान एकत्र बसून बहुमताने निर्णय घेत नसत, त्यांची जबाबदारी सामुदायिक नव्हती, आणि प्रत्येक प्रधान आपल्या कामापुरता थेट राजाला उत्तरदायी होता. मंडळाला स्वतःची अशी इच्छा नव्हती. ते राजाच्या इच्छेचे आठ हात होते.

याचा प्रत्यय राजा नाहीसा होताच आला. ३ एप्रिल १६८० रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाल्यावर अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत यांनी राजारामांना गादीवर बसविण्याच्या बाजूने हालचाल केली आणि पन्हाळ्यावरील संभाजीराजांना कैद करण्यासाठी ते निघाले. परंतु सेनापती हंबीरराव मोहिते यांनी संभाजीराजांची बाजू घेऊन या दोघांनाच ताब्यात घेतले. वारसाचा प्रश्न मंडळासमोर मांडला गेला नाही, कारण तसा अधिकार मंडळाला कोणी दिलेलाच नव्हता. तो फौज ज्याच्या हाती होती त्याने सोडविला. प्रधान राजाचे सेवक आहेत की राज्याचे, हा प्रश्न त्या वर्षी प्रथमच उभा राहिला.

पुढचा बदल औरंगजेबाच्या स्वारीने घडवून आणला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, त्याच वर्षी रायगड पडला आणि राजाराम महाराजांना तमिळ प्रदेशातील जिंजीच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. राजा जिंजीत आणि राज्य सह्याद्रीत अशी स्थिती झाल्यावर महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्य यांच्याकडे आला. त्यांना ‘हुकमतपनाह’, म्हणजे हुकमतीचा आधार, असा किताब मिळाला आणि राजाला न विचारता निर्णय घेण्याची मुभाही त्यांच्याकडे आली. जिंजीत प्रल्हाद निराजी यांच्यासाठी ‘प्रतिनिधी’ हे नवे पद निर्माण करण्यात आले आणि त्याचा मान अष्टप्रधानांच्याही वर ठेवण्यात आला. खजिना रिकामा असल्यामुळे लढणाऱ्या सरदारांना जिंकलेला किंवा जिंकायचा मुलूख सरंजाम म्हणून, म्हणजे फौज पोसण्यासाठी लावून दिलेल्या महसुलाच्या रूपाने, देण्याची वाट मोकळी झाली. या वाटेने राज्य वाचले, यात शंका नाही. राजाराम महाराजांच्या निधनानंतर १७०० ते १७०७ या काळात ताराबाईंनी मुलाच्या नावे चालविलेला कारभारही याच विखुरलेल्या शक्तीवर उभा राहिला आणि टिकला. मात्र वेतनदार अधिकारी आणि सरंजामी सरदार यांच्यातील जे अंतर शिवाजी महाराजांनी कष्टाने राखले होते, ते या सतरा-अठरा वर्षांत पुसले गेले.

या अनुभवातून तयार झालेला राजकीय विचाराचा ग्रंथ म्हणजे १७१५-१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी सिद्ध झालेले आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाशी निगडित असलेले आज्ञापत्र. राजनीतीवरील संस्कृत ग्रंथांत स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र अशी राज्याची सात अंगे सांगण्याची रीत होती. आज्ञापत्राने ती रीत पाठ केली नाही, तर राजा, प्रधान, सावकार, वतनदार, किल्ले आणि आरमार अशा प्रत्यक्ष डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टींवर प्रकरणे लिहिली, आणि समुद्रमार्गे आलेल्या टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, सावधगिरीचा इशाराही दिला. नेतृत्वाच्या दृष्टीने त्यातील प्रधानांविषयीचा विचार लक्षणीय आहे. राजाला एकट्याने राज्य चालविता येत नाही, म्हणून प्रधान गुण पाहून नेमावेत, एकदा नेमल्यावर त्यांच्यावर विश्वास ठेवावा, आणि सत्तेच्या मदाने राजा वाहवत जाऊ लागला तर त्याला आवर घालणे हे प्रधानाचेच काम समजावे, असे त्याचे सार आहे. वतनदारांविषयी हा ग्रंथ कमालीचा व्यवहारी आहे: देशमुख, देशकुलकर्णी आणि पाटील हे आपापल्या जागी लहान राजेच असतात, त्यांची वतने मोडू नयेत पण वाढूही देऊ नयेत, आणि सेवेच्या मोबदल्यात नवे वतन देणे म्हणजे राज्यच थोडे थोडे देऊन टाकणे होय, अशी त्याची भूमिका आहे.

या उपदेशात एक विसंगती आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. ज्या अमात्यांच्या नावे हा इशारा नोंदला गेला, त्यांच्याच कारकिर्दीत वतनांची आणि सरंजामांची खैरात झाली होती, आणि त्यांचे स्वतःचे घराणेही पुढे पंत अमात्य बावडेकर म्हणून गगनबावड्याच्या जहागिरीवर नांदले. परंतु यामुळे ग्रंथाचे मोल कमी होत नाही. रोग जवळून पाहिलेल्या वैद्याचे निदान म्हणून ते अधिकच ग्राह्य ठरते. त्याची खरी उणीव दुसरी आहे. राजाने अयोग्य प्रधानाला दूर करावे आणि प्रधानाने मदांध राजाला आवरावे, असे आज्ञापत्र सांगते. पण राजा आवरला गेला नाही तर काय, किंवा राजा दूर करू पाहतो तो प्रधान राजाहून बलवान असेल तर काय, हे प्रश्न ते चारित्र्यावर सोपवून पुढे जाते.

आज्ञापत्र लिहिले जात असतानाच साताऱ्यात या प्रश्नांना आकार येत होता. मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटलेले शाहू महाराज १७०८ मध्ये साताऱ्यास राज्याभिषिक्त झाले, आणि ताराबाईंच्या पक्षाविरुद्ध त्यांना तारणारे बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले. १७१९ मध्ये दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा मिळाल्यावर उत्पन्नाची जी वाटणी ठरली, तिलाच या काळची राज्यघटना म्हणता येईल. सरदेशमुखीचा दहावा हिस्सा राजाचा. चौथाईपैकी शेकडा २५ ‘राजबाबती’ म्हणून राजाकडे, शेकडा ६ ‘साहोत्रा’ म्हणून पंत सचिवांकडे, शेकडा ३ ‘नाडगौंडा’ म्हणून राजाच्या मर्जीने कोणासही, आणि उरलेले शेकडा ६६ ‘मोकासा’ म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांकडे. एकाच परगण्यात अनेकांचे हिस्से गुंतविल्यामुळे कोणाही सरदाराला सर्वांपासून तुटून निघणे अवघड होईल आणि प्रत्येकाला राज्याच्या विस्तारात स्वारस्य राहील, असा यामागचा हेतू दिसतो. सत्तेच्या केंद्राला बळ देण्याऐवजी हितसंबंधांची वीण घट्ट करून राज्य एकत्र ठेवण्याची ही कल्पना चतुर होती, परंतु ती सतत पुढे सरकणाऱ्या सरहद्दीवर अवलंबून होती, आणि दोन तृतीयांश चौथाई ज्यांच्या हाती गेली त्यांना जाब विचारण्याची ताकद उरलेल्या भागातून निर्माण होणे कठीण होते.

शाहू महाराजांनी ही उणीव आपल्या शहाणपणाने भरून काढली. बाजीराव आणि श्रीपतराव प्रतिनिधी यांच्यातील मतभेद ते ऐकून घेत, पेशवे आणि सेनापती दाभाडे यांचा कलह १७३१ मध्ये डभोईच्या रणांगणापर्यंत गेला व त्यात त्रिंबकराव दाभाडे मारले गेले तरी त्यांनी दोन्ही घराण्यांना दरबारात राखले, आणि स्वतः मोहिमांवर फारसे न जाताही अखेरचा शब्द आपल्याकडे ठेवला. परंतु हा अधिकार त्यांच्या व्यक्तित्वाचा होता, गादीचा राहिला नव्हता. १५ डिसेंबर १७४९ रोजी ते निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या याद्यांत त्यांनी राज्याचा कारभार पेशव्यांनी सांभाळावा असे नमूद केले होते. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे १७५० मध्ये गादीवर आले, त्याच वर्षी सांगोल्यास त्यांनी पेशव्यांच्या कारभाराला संमती देण्याचे मान्य केले, आणि वर्ष संपण्यापूर्वी ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. पुढे १७५२ मध्ये ताराबाई आणि बाळाजी बाजीराव यांच्यात जेजुरीस खंडोबाच्या साक्षीने समेट झाला. राज्यातील सर्वोच्च अधिकाराचे हस्तांतर एका मरणासन्न राजाच्या चिठ्ठीने, एका दुर्बळ राजाच्या संमतीने आणि देवळातील शपथेने झाले. या तिन्हींत वजन होते ते व्यक्तींचे.

यापुढे छत्र साताऱ्यास आणि कारभार पुण्यास अशी विभागणी कायम झाली. नव्या पेशव्याला पदाची वस्त्रे छत्रपतींकडूनच यावी लागत आणि शिक्क्यावर छत्रपतींचे नाव राही. या शिष्टाचाराला पोकळ म्हणणे सोपे आहे, पण पुण्याच्या सत्तेला स्वतःच्या पायावर उभे राहण्याइतकी वैधता कधीच वाटली नाही, याचाही तो पुरावा आहे. शिवाय ज्या वाटेने पंतप्रधान राजाच्या जागी आला, त्याच वाटेने पंतप्रधानाच्या जागी त्याचा कारभारी येऊ शकत होता.

तसे घडण्याचा प्रसंग ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांच्या खुनाने आणला. चुलते रघुनाथराव यांनी पेशवेपदाची वस्त्रे मिळविली, परंतु खुनाच्या कटाशी त्यांचा संबंध असल्याच्या जाणिवेने दरबारातील मुत्सद्दी त्यांच्यापासून फुटले आणि सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके, मोरोबा फडणीस आदींनी मिळून जे मंडळ उभारले ते बारभाई या नावाने ओळखले जाते. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना पुत्र झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठी साताऱ्याहून वस्त्रे आली. ती ज्यांच्याकडून आली ते रामराजे स्वतः प्रतिबंधात होते, म्हणजे बंदिवान राजाने तान्ह्या प्रधानाची नेमणूक केली आणि राज्य तिसऱ्यांनीच चालविले. तरीही बारभाईंची ही कृती केवळ सत्तेची बळकावणी नव्हती. खून करून मिळविलेले पद वैध होत नाही, हे तत्त्व त्यांनी सत्तेवर असलेल्या माणसाविरुद्ध प्रत्यक्षात आणले, आणि मराठी राज्याच्या इतिहासात त्याला तोड नाही.

योगायोग असा की याच वर्षी कलकत्त्यातही मंडळाचे राज्य सुरू झाले. ब्रिटिश पार्लमेंटने १७७३ मध्ये केलेल्या नियामक कायद्याने गव्हर्नर जनरल आणि चार सभासद यांचे मंडळ नेमले, निर्णय बहुमताने व्हावेत असे ठरविले, आणि मुंबई व मद्रासच्या युद्ध-तहाच्या अधिकारांवर त्याची देखरेख ठेवली. ऑक्टोबर १७७४ पासून क्लेव्हरिंग, मॉन्सन आणि फ्रान्सिस हे तिघे एकीकडे, तर वॉरन हेस्टिंग्ज आणि बारवेल दुसरीकडे, असा तेथे उघड तट पडला. मुंबईकरांनी मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांशी केलेला सुरतेचा तह कलकत्त्याने नापसंत केला, कर्नल अप्टन याला पाठविले, आणि १ मार्च १७७६ रोजी बारभाईंशी पुरंदरचा तह झाला. पुरंदरावर त्या दिवशी एका अर्थाने दोन मंडळे समोरासमोर आली होती, आणि दोन्ही आतून दुभंगलेली होती.

फरक पडला तो दुफळी मिटविण्याच्या रीतीत. कलकत्त्यात १७७६ मध्ये मॉन्सन वारल्यावर समसमान मतांच्या प्रसंगी अध्यक्षाला मिळणाऱ्या निर्णायक मताच्या बळावर हेस्टिंग्जकडे पारडे झुकले. १७७७ मध्ये क्लेव्हरिंगने गव्हर्नर जनरलपदावर हक्क सांगितला तेव्हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांपुढे गेला आणि त्यांनी हेस्टिंग्जच्या बाजूने दिलेला निकाल मानला गेला. हेस्टिंग्ज आणि फ्रान्सिस यांच्यात १७८० मध्ये पिस्तुलांनी द्वंद्व झाले, तेव्हा या मंडळीला सभ्यतेचे पुतळे ठरविण्याचे कारण नाही. आणि ज्या बंगालवर ते राज्य करीत होते त्याच्या प्रजेला कोणीच विचारत नव्हते, हेही विसरता येत नाही. पण वाद कोठे न्यायचा आणि कोणाचा शब्द अखेरचा, हे तेथे लिहून ठेवलेले होते.

पुण्यात तसे काही नव्हते. बारभाईंत मतमोजणीचा नियम नव्हता, सभासदत्वाची मुदत नव्हती, आणि रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखा निःस्पृह न्यायाधीश असूनही कारभाऱ्यांमधील तंटा त्यांच्यापुढे नेण्याची रीत नव्हती. त्रिंबकराव पेठे १७७४ मध्येच कासेगावच्या लढाईत पडले होते. १७७८ मध्ये मोरोबांनी तुकोजी होळकरांच्या पाठबळावर कारभार हाती घेतला, नाना पुरंदरावर गेले, आणि महादजी शिंदे नानांच्या बाजूने आल्यावर मोरोबा कैद होऊन अहमदनगरच्या किल्ल्यात पोहोचले. वडगावच्या विजयानंतर त्याच १७७९ साली सखारामबापूंची रवानगी कैदेत झाली आणि दोन वर्षांनी रायगडावर त्यांचा अंत झाला. पाच वर्षांत मंडळाचे एका माणसात रूपांतर झाले, आणि तो माणूस पदाने फडणीस, म्हणजे सरकारी दप्तर व हिशेब पाहणाऱ्या फडाचा प्रमुख, एवढाच होता. नाना फडणीसांची योग्यता वादातीत आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहामागे त्यांची आणि महादजींची, तर १७९५ च्या खर्ड्याच्या विजयामागे त्यांची दूरदृष्टी होती. तथापि त्यांनी आपल्यामागे कारभार चालविणारी कोणतीही यंत्रणा उभी केली नाही. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वारल्यावर वर्षभर चाललेला पेशवा निवडीचा घोळ शिंद्यांच्या पलटणी आणि सावकारांचा पैसा यांनी मिटविला, दुसरे बाजीराव गादीवर आले, १८०० मध्ये नाना वारले, आणि १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहाने पुण्याची सत्ता इंग्रजांच्या आश्रयाला गेली. १८१८ मध्ये एल्फिन्स्टनने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर आणले, १८३९ मध्ये इंग्रजांनीच त्यांना पदच्युत केले, आणि १८४८ मध्ये ते राज्य खालसा झाले.

जिंजीत निर्माण झालेल्या प्रतिनिधीपदाची कथा मात्र याहून लांब चालली. प्रल्हाद निराजींनंतर हे पद परशुराम त्रिंबक यांच्या घराण्याकडे आले, आणि त्याच घराण्याने पुढे औंध संस्थानावर राज्य केले. चार तुटक तालुक्यांत विखुरलेल्या आणि अवघ्या ७२ गावांच्या या संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये सत्ता रयतेच्या हवाली करण्याची घोषणा केली. महात्मा गांधींचा सल्ला, त्यांचे अनुयायी असलेले पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांचा खटाटोप आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचे परिश्रम यांतून तिचा मसुदा तयार झाला. जानेवारी १९३९ मध्ये अमलात आलेल्या या राज्यघटनेनुसार गावाने आपली पंचायत निवडावी, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुका समिती व्हावी आणि तिच्यातून संस्थानच्या विधिमंडळाचे सभासद जावेत, अशी खालून वर जाणारी रचना होती. कारभार करणाऱ्याला कोणी आणि कसे बदलावे, याची तरतूद या प्रदेशातील एका राजघराण्याने स्वतःच्या सहीने लिहून दिली, पण ती अजमावून पाहण्यास फार थोडा अवधी मिळाला: मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले.